करंगळी कुठल्या हाताची?

"आज फ्रेम मी धरणार," भिंगरी म्हणाली.

"काल तूच धरली होतीस ना? आज तिला धरू दे," बाबा म्हणाले, आणि लाकडी फ्रेम चष्मीच्या हातात गेली.

झालं! डार्करूमच्या लाल दिव्यात सगळ्यांचेच चेहरे लाल दिसतात, म्हणून बरं. नाहीतर भिंगरीचा चेहरा बघून बाबांनी ताप मोजायला घेतला असता.

भिंगरी बारा वर्षांची. घरात एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. फक्त बाबांच्या स्टुडिओतल्या या काळ्या खोलीत तिचा पाय टिकायचा. कुठली बाटली कुठल्या ट्रेची, कागद किती वेळ बुडवायचा, सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि आता सुट्टीत आत्येबहीण राहायला आली काय, आणि पाच दिवसांत बाबांच्या तोंडी तिचंच नाव! ती तेरा वर्षांची, अक्षर मोत्यासारखं, वागणं शहाण्यासारखं, वर जाड काचांचा चष्मा. तिला चिडवायला म्हणून भिंगरीनं 'चष्मी' हे नाव पाडलं, तर त्या बाईला ते चक्क आवडलं. असल्या मुलीशी भांडायचं तरी कसं?

काम मात्र दोघींनाही वेड लावणारं होतं. भिंगरीचे खापरपणजोबा पोलिसांचे फोटोग्राफर होते. पकडून आणलेल्या माणसांचे फोटो तेच काढायचे. त्यांच्या हातच्या अकरा काचा गेल्या महिन्यात माळ्यावरच्या खोक्यात सापडल्या. तेव्हा फोटो काचेवरच निघायचा. काचेच्या एका बाजूला औषधाचा थर असायचा आणि त्यावर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं असं चित्र उमटायचं. ते कागदावर छापलं की मग खरा माणूस दिसायचा. या सगळ्या माणसांनी दोन्ही हात छातीवर पसरून ठेवलेले होते. बोटं दिसावीत, एखादं तुटकं असेल तर तेही दिसावं, म्हणून पोलीस तसं बसवायचे. गावच्या ग्रंथपालांना हे कळताच त्यांनी वाचनालयाच्या दालनात 'शंभर वर्षांपूर्वीचे गुन्हेगार' असं प्रदर्शन जाहीर करून टाकलं.

काच फ्रेममध्ये लावायचा नियम एकच होता. औषधाची बाजू कागदाकडे. ती मंद असते, दुसरी बाजू चकचकीत. अंधारात ओळखू आली नाही तर कोपऱ्याला ओलसर बोट लावायचं, जी बाजू बोटाला किंचित चिकटते ती औषधाची. काच उलटी लागली तर डाव्याचं उजवं होतं. भिंगरीला हे सहाव्या वर्षी ठाऊक होतं आणि चष्मीला पाच दिवसांपूर्वी कळलं होतं.

दहा काचा छापून झाल्या. अकरावी हातात घेतली आणि बाहेर फोन वाजला. ग्रंथपालांचा असणार, दिवसातून सात फोन त्यांचेच. "नीट तपासून लाव गं," असं चष्मीला सांगून बाबा बाहेर गेले.

चष्मीनं बोट लावलं, बाजू ओळखली. तेवढ्यात काचेवर धूळ दिसली म्हणून ती फिरवून पुसली, पुन्हा फिरवली, पुन्हा पुसली, आणि शेवटी फ्रेममध्ये बसवली. लाल दिव्याची तिरीप काचेवर पडली तेव्हा भिंगरीला वरची बाजू मंद दिसली. म्हणजे चकचकीत बाजू खाली, कागदाकडे होती. काच उलटी लागली होती!

भिंगरीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

येऊ देत बाबांना, तिनं मनात म्हटलं. बघू देत एकदा, शहाणीचं काम कसं असतं ते. माझ्या हातून असं झालं असतं तर केवढं बोलले असते! आता तिला बोलतील. या विचारानं तिला इतकं गार वाटलं की विचारू नका.

पण बाबा आले ते घाईघाईतच. ग्रंथपालांना संध्याकाळच्या आत सगळे फोटो हवे होते. बाबांनी फ्रेमकडे नीट पाहिलंही नाही. पांढरा दिवा लावला, विझवला, कागद ट्रेमध्ये सोडला. हळूहळू कागदावर एक माणूस वर आला. बारीक मिशी, बटणांचा कोट, छातीवर हात. एका हाताला चारच बोटं.

"जरासा धूसर आलाय," बाबा म्हणाले, "पण हात बसला हं तुझा. वा!"

ओरडा राहिला बाजूला, वर शाबासकी! भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. दाराबाहेर राखण करणारा तिचा आठ वर्षांचा भाऊ पोपट आतलं ऐकून लगेच ओरडला, "हात बसला हं तुझा, वा!" त्याला पोपट म्हणायचं कारण वेगळं सांगायला नकोच.

वाचनालयात तर कहरच झाला. पोलिसांची जुनी नोंदवही ग्रंथपालांनी उसनी मागून आणली होती. काचांवरच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या, म्हणून ते नोंदींतल्या खुणांवरून माणसं जुळवत होते. अकरावा फोटो बघून ते खुर्चीतून उठलेच. नोंद क्रमांक एक्केचाळीस, डाव्या हाताची करंगळी नाही, सराफाची तिजोरी फोडली, सात वर्षं शिक्षा! त्या काळी त्या चोरीनं सगळं गाव हादरलं होतं म्हणे. आणि हा पाहा तो तिजोरीफोड्या, डाव्या हाताला करंगळी नाही! ग्रंथपालांनी तो फोटो दारासमोर, एकटा, मोठ्या चौकटीत लावायचं ठरवलं. खालची पाटी चष्मीनं लिहायची, कारण असं अक्षर त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आणि या ताईंना सुतळी धरू दे," ते भिंगरीकडे बघून म्हणाले.

भिंगरीनं सुतळी धरली. काच उलटी आहे हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कुठला तरी शंभर वर्षांपूर्वीचा चोर, डावा काय न् उजवा काय, कुणाचं काय बिघडतंय? तिनं मूग गिळून सुतळी घट्ट ओढली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उद्घाटन होतं. सकाळी पोपट घड्याळाला नवा पट्टा लावायला घड्याळकाकांकडे गेला आणि तासाभरानं पळत परत आला. दोघी बहिणी अंगणात एकमेकींकडे पाठ करून पुस्तकं वाचत होत्या.

"आमच्याच घराण्यात हे निघायचं होतं," पोपट म्हणाला.

"कोण म्हणालं असं?" चष्मीनं विचारलं.

घड्याळकाका म्हणाले होते. मग पोपटानं सगळं ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. काल संध्याकाळी नगरपालिकेचे कारकून वाचनालयात गेले, त्यांनी फोटो ओळखला. असाच चेहरा घड्याळकाकांच्या दुकानात भिंतीवर आहे, त्यांच्या पणजोबांचा. सकाळी कारकून दुकानात आले आणि म्हणाले की, वाईट वाटून घेऊ नका, पण नगराध्यक्षांचं म्हणणं आहे की मनोऱ्याची किल्ली आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी. तिजोरी फोडणाऱ्याच्या घरात गावाची किल्ली बरी दिसत नाही. आज पाच वाजता कार्यक्रमाला आलात की परत करा.

मनोऱ्याची किल्ली म्हणजे चौकातल्या मोठ्या घड्याळाची. दर आठवड्याला घड्याळकाका चौऱ्याण्णव पायऱ्या चढून त्याला किल्ली द्यायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा, आणि सगळ्यांत आधी ते पणजोबा.

भिंगरी उठली आणि तडक चौकात गेली.

दुकान नेहमीसारखंच टिकटिकत होतं. घड्याळकाका डोळ्याला भिंग लावून पाटाएवढ्या टेबलावर वाकले होते, पण हातात काहीच नव्हतं. मागच्या भिंतीवर एक पांढरा चौकोन दिसत होता. तिथला फोटो त्यांनी उतरवून पालथा ठेवला होता.

"त्यांना एका हाताला करंगळी नव्हती हे आम्हाला माहीत होतं, कुठल्या ते नव्हतं," ते भिंगरीला म्हणाले. "तीन दिवस पोलिसांकडे होते हेही कानावर होतं. माझे वडील त्याबद्दल बोलायचेच नाहीत. आता कळलं का ते."

"पण काका, ते चोर नसतील तर?"

"फोटो खोटं बोलत नाही, बेटा. तुझ्याच खापरपणजोबांनी काढलाय." त्यांनी भिंग काढून पुसलं. "वाईट एवढंच वाटतं की मी लहानपणापासून रोज सकाळी त्या फोटोला नमस्कार करून दुकान उघडलं."

भिंगरीला तिथं उभं राहवेना. चौकात आली तर चष्मी तिच्या मागोमाग आलेली. चष्मा घामानं नाकावर घसरलेला.

खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा भिंगरीला पळून जावंसं वाटलं. सगळ्यांना सांगता येईल, पण हिला? हिला सांगायचं म्हणजे हिच्यापुढे आपण किती क्षुद्र ते दाखवायचं. पण पांढरा चौकोन डोळ्यांसमोरून हलेना.

"तू अकरावी काच उलटी लावली होतीस," ती एका दमात म्हणाली. "मी पाहिलं होतं. तुला बोलणी बसावीत म्हणून गप्प बसले."

"मी तुला आवडत नाही हे माहीत होतं," चष्मी म्हणाली. "इतकी आवडत नाही हे माहीत नव्हतं." मग तिनं चष्मा वर सरकवला आणि पिशवीतून वही काढली. पाट्या लिहिताना तिनं अख्खी नोंदवही उतरवून घेतली होती. फक्त फोटोपुरत्या नोंदी लिही, असं ग्रंथपालांनी सांगितलं होतं, पण अर्धवट काम तिला जमायचंच नाही.

"हे बघ," ती म्हणाली. एक्केचाळीसची नोंद पानाच्या शेवटी होती. पान उलटल्यावर बेचाळीस होतं. *उजव्या हाताची करंगळी नाही. धंदा घड्याळ दुरुस्ती. करंगळीच्या खुणेवरून संशयानं आणला. साक्षीदारानं पाहून हा तो नव्हे असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सोडला.*

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बिचाऱ्या पणजोबांना शंभर वर्षांपूर्वी चुकीच्या करंगळीपायी पकडलं होतं, आणि काल पुन्हा पकडलं! एकदा पोलिसांनी आणि एकदा या दोघींनी.

आता मोठ्यांना सांगायचं. बाबा शेजारच्या गावी कारखान्यातल्या कामगारांचा गटफोटो काढायला गेले होते, ते पाचलाच थेट वाचनालयात येणार होते. दोघी ग्रंथपालांकडे धावल्या. ते खुर्च्या मोजत होते. त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं आणि हात झाडले. नोंदवहीतलं एक्केचाळीसच्या नोंदीचं पान उघडून कपाटात ठेवलंय, कपाटाला कुलूप लावलंय, काचाही त्यातच आहेत, आणि निवृत्त पोलीस अधीक्षक प्रमुख पाहुणे म्हणून निघालेसुद्धा आहेत, तेव्हा आता कुणी कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. वर भिंगरीला म्हणाले की बहिणीचं कौतुक होतंय म्हणून असे खोडे घालू नयेत.

हे मात्र वर्मी लागलं, कारण कालपर्यंत ते खरंच होतं.

"काच कुलपात," बाहेर येऊन चष्मी म्हणाली. "नवा फोटो कसा छापणार?"

भिंगरी चपलेनं माती उकरत राहिली. डाव्याचं उजवं झालंय. मग उजव्याचं पुन्हा डावं करायला काच कशाला हवी? स्टुडिओत गिऱ्हाईकं केस विंचरतात तिथं तर...

"आरसा!" ती ओरडली आणि पळत सुटली.

स्टुडिओतला आरसा चांगला दाराएवढा उंच. दोघींनी तो चादरीत गुंडाळून चौकातून नेला तेव्हा पोपट पुढे चालत "बाजूला व्हा, काच आहे" असं ओरडत होता. दारावरच्या शिपायानं हटकलं, तर पोपट त्याला म्हणाला की पाहुणे लांबून येणार, त्यांचे केस विस्कटलेले असणार, आणि विस्कटलेल्या केसांचा फोटो वर्तमानपत्रात आला तर कोणाला बोलणी बसतील? शिपायानं आपल्याच केसांवरून हात फिरवला आणि आरसा आत घेतला. तिजोरीफोड्याच्या फोटोच्या थोडं अलीकडे, नेमका कोन साधून भिंगरीनं तो उभा केला. चादर तशीच राहू दिली.

पाच वाजता दालन भरलं. बाबा आले, गळ्यात कॅमेरा अडकवूनच. मागच्या रांगेत घड्याळकाका बसले होते, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली किल्ली. फीत कापून झाली आणि उंच, पांढऱ्या मिशांचे अधीक्षक पहिल्याच फोटोपाशी थांबले. ग्रंथपालांनी घसा खाकरला.

त्याआधीच भिंगरी पुढे झाली.

"साहेब, तुमच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत?"

ग्रंथपालांचा चेहरा पांढरा पडला. पण अधीक्षकांना गंमत वाटली असावी. त्यांनी खाली वाकून पाहिलं. बटणं उजव्या बाजूला, काजं डाव्या बाजूला. पुरुषांच्या कोटाला असतात तशीच, ते म्हणाले.

"आणि याच्या?"

अधीक्षकांनी फोटोजवळ नाक नेलं. मग स्वतःच्या कोटाकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. बटणं डाव्या बाजूला होती. चष्मीनं चादर ओढली. आरशात तोच माणूस उभा होता, बटणं जागेवर आलेली, आणि करंगळी नसलेला हात होता उजवा!

चष्मीनं वही उघडून बेचाळीसची नोंद मोठ्यानं वाचली. "काच मी उलटी लावली," ती शेवटी म्हणाली. "चूक माझी आहे."

घ्या! कबुली द्यायलासुद्धा हीच पहिली. सगळं दालन तिच्याकडे कौतुकानं बघतंय हे भिंगरीला दिसलं, आणि तिच्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखलं. इथं गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं.

"तिची नजरचूक होती," ती म्हणाली. "मी तर बघत होते. तिला बोलणी बसावीत म्हणून मुद्दाम गप्प बसले. मला तिचा हेवा वाटत होता." बाबांकडे बघायचं धाडस होईना म्हणून ती आरशाकडे बघत राहिली, तर बाबा आरशातही दिसत होते.

बाबांनी ग्रंथपालांकडून कपाटाची चावी मागून घेतली, नोंदवहीचं पान उलटलं, काच बाहेर काढली. बोट ओठावर टेकवून कोपऱ्याला लावलं. काच उजेडात धरून फोटोशी ताडून पाहिली. "उलटीच छापलीय," ते म्हणाले. "मुलींनी लावली, पण तपासायची होती मी. घाई मी केली." ग्रंथपाल म्हणाले की पान तर त्यांनीच उलटलं नव्हतं, आणि रुमालानं कपाळ पुसलं.

गर्दीतून वाट काढत घड्याळकाका आरशासमोर आले. आरशातल्या पणजोबांकडे ते बघत राहिले. नगराध्यक्ष त्यांच्या बाजूला येऊन काहीतरी पुटपुटले. किल्लीचं काय ते राहू द्या तुमच्याकडेच, असं काहीसं.

"किल्लीचं काय ते राहू द्या तुमच्याकडेच!" पोपट खणखणीत आवाजात म्हणाला, म्हणजे मग सगळ्यांनीच ऐकलं.

अधीक्षक चष्मीला म्हणाले की अशी अख्खी वही उतरवणारा एक जरी हवालदार त्यांच्या हाताखाली असता तर त्यांचे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. मग ते भिंगरीकडे वळले. "चोरी कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "हेवा कबूल करणारं माणूस नोकरीत एकही भेटलं नाही."

घरी जाताना बाबांनी मात्र भिंगरीला सोडलं नाही. जे बोलायचं ते सगळं बोलले. शेवटी ते म्हणाले की आरशाची युक्ती त्यांना स्वतःला सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी घड्याळकाका स्टुडिओत आले. त्यांना त्या फोटोची एक प्रत हवी होती, सरळ छापलेली. भिंगरीला कळेना. पोलिसांनी काढलेला फोटो कशाला हवाय?

"दुकानातल्या फोटोत त्यांनी दोन्ही हात खिशात घातलेत. करंगळीची लाज वाटायची असेल," काका म्हणाले. "ज्या हातांनी ते मनोऱ्याचं घड्याळ चालवायचे, ते हात आमच्या घरात कुणी पाहिलेलेच नाहीत. हा एकच फोटो आहे."

लाल दिवा लागला. बाबांनी फ्रेम भिंगरीपुढे धरली. तिनं ती घेतली, क्षणभर घट्ट धरून ठेवली, आणि मग बहिणीकडे सरकवली. पोटात जरासं दुखलंच. पण जरासंच.

"तू लाव," ती म्हणाली. "मी बोट लावून बघते."